बोक्याचं सूप

अण्णांचं यकृत निकामी झालं हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "घेत होते का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. त्यांनी खाल्लं ते तळण. कारखान्याच्या कँटीनमध्ये ते कढईवर होते. सकाळी ओतलेलं तेल काळंकुट्ट होईपर्यंत तेच, आणि प्रत्येक घाण्यातला एक तुकडा स्वतः चाखून बघायचा, कारण कच्चं गेलं तर कामगार ताट परत आणून आदळायचे. घरी आल्यावर ताटात लोण्याचा गोळा दिसला नाही तर अण्णांना जेवल्यासारखं वाटायचं नाही. बाप खातो तेच पोरं खातात. आम्हीही तेच खाल्लं.

"दारू न पिताही यकृतावर चरबी चढते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं चढत राहिली की ते कडक होत जातं. आता बदलण्यावाचून इलाज नाही."

बदलायचं म्हणजे घरातल्या कोणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा. आईचं वय उलटून गेलेलं. माझा रक्तगट जुळेना. राहिला बोका, माझा धाकटा भाऊ. लहानपणी भांड्यातलं लोणी बोटाने चाटायचा म्हणून अण्णांनीच त्याला हे नाव ठेवलं, आणि आता टक्कल पडायला लागलं तरी ते सुटलेलं नाही. बोक्याचा गट जुळला. तो तर तिथल्या तिथे शर्ट काढायला तयार होता. पण तपासणीत त्याच्याही यकृतावर चरबी निघाली. असा तुकडा अण्णांच्या पोटात धरला नसता, आणि मागे उरलेला बोक्याला पुरला नसता.

"दोन महिने देते," बाई त्याला म्हणाल्या. "लोणी, साजूक तूप, वनस्पती तूप, तळलेलं, गोड, सगळं बंद. तेल चमच्याने मोजून. रोज घाम निघेपर्यंत चालायचं. चरबी उतरते, मी उतरलेली पाहिलीय." मग त्याला बाहेर पाठवून मला म्हणाल्या, "त्यापुढे तुमचे वडील थांबू शकणार नाहीत."

बोक्याने जिवाचं रान केलं. ज्याला जिना चढताना धाप लागायची तो कारखान्याच्या भिंतीकडेने पळायला लागला. ओळखीचे लोक सायकली थांबवून हसायचे, हा आपला पळतच. स्वयंपाक आईने स्वतःकडे घेतला. उकडलेल्या भाज्या, भात, भोपळ्याचं सूप. मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होते. घरात तेल चाललं ते तेवढंच, असं मला वाटत होतं.

"आई, उकडलेलंसुद्धा तुझ्या हातचं गोड लागतं बघ," बोका सूप पिता पिता म्हणायचा. आई लगबगीने भांडी घासायला वळायची. बाजूच्या पलंगावर अण्णा पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी त्याच्या वाटीकडे बघत पडलेले असायचे.

पँट मात्र काही सैल होईना.

दोन महिन्यांनी दुसऱ्या तपासणीचा निकाल आला तेव्हा बाईंनी कागद पालथा घातला. "फरक नाही. थोडी वाढलीच आहे."

बाहेरच्या बाकावर बोका पळायचे बूट घालून बसला होता. मी त्याच्यावर तुटून पडले. "खरं सांग, कारखान्याच्या गेटवरच्या वड्याच्या गाडीवर काय खात होतास? बाप मरतोय आणि तुला जीभ आवरत नाही?"

"काही नाही खाल्लं गं ताई," तो म्हणाला. "अण्णांची शपथ." आणि एवढा बाप्या माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला. माझा विश्वास बसला नाही. मी उठून लांबच्या बाकावर जाऊन बसले.

मी बोक्याच्या आधी घरी पोचले. अण्णांच्या काविळीची खाज शमवायला बर्फ हवा होता. मी फ्रीजरमध्ये हात घातला तर मटारच्या पिशव्यांखाली लोण्याच्या वड्या, नीट कागदात गुंडाळलेल्या. एक अर्धी कापलेली.

"आई," म्हणत मी ती अर्धी वडी तिच्यासमोर धरली.

आईने काही लपवलं नाही. "पोट फाडणार होते त्याचं," ती म्हणाली. "अर्धं काढून घेणार होते. वाळलेलं पोर तिथे पाठवू मी? अंगात काही नको त्याच्या? म्हणून सुपात विरघळवून द्यायचे, थोडंसं." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती ओट्याला धरून खाली बसली.

मी बर्फ घेऊन अण्णांपाशी गेले. पलंग तिथेच चार पावलांवर होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"लोणी. आयुष्य गेलं माझं त्यात, वास येणार नाही का?"

"अण्णा, मग बोलला का नाहीत?"

त्यांनी खाजवायचं थांबवलं. "बोक्याला कापू द्यायचं मला? माझ्यासाठी? तो ऐकला नसता. हे आपोआप होत होतं, होऊ दिलं." मग म्हणाले, "त्याला कळू देऊ नकोस. आईवर डूख धरेल."

मला त्या माणसाचा असा राग आला की बर्फ त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. आम्ही रोज त्याच्या जगण्यासाठी मरत होतो, आणि हा पलंगावरून आम्हाला हरताना बघत होता. मी बर्फ फडक्यात बांधून त्याच्या पाठीवर धरला. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळी आईने पुन्हा सूप केलं. पथ्य सोडलं तर बोक्याचं यकृतही अण्णांच्याच वाटेने जाईल असं बाईंनी बजावलं होतं, आणि या वेळी तिने खरोखर काही घातलं नाही. वड्या मी कचऱ्यात टाकल्या होत्या. बोका हात धुऊन ताटावर बसला. माझ्याकडे न बघता त्याने पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबला. दुसरा घेतला. मग चमच्याने सूप हलवून बघितलं.

"आज काही राहिलंय का गं घालायचं?"

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"खा बाबा, गार होतंय," पलंगावरून अण्णा म्हणाले.

त्याने खाल्लं. एकेक चमचा करत वाटी रिकामी केली, पुसली, आणि ताटाच्या मधोमध ठेवली.

"आई," तो म्हणाला, "पहिल्या दिवसापासून?"

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने तशीच मान डोलावली.