एक ते अडीच

तक्ता मीच केला होता. फ्रिजच्या दारावर चार चुंबकांनी लावलेला, वर दोन नावं आणि खाली पाच ओळी: उठणं, दूध, अंघोळ, जेवण, झोप. शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. दोरा जमिनीपासून साडेतीन फुटांवर संपत होता, कारण त्याहून खाली लोंबणारी पहिली पेन्सिल भुंग्याने चावून खाल्ली होती.

भुंगा आणि गोगलगाय ही माझ्या ताईची जुळी. वीस महिन्यांची. भुंगा जन्मल्यापासून थांबलेला नाही. गोगलगाय कशाचीच घाई करत नाही. जगातसुद्धा ती त्याच्यामागून चौदा मिनिटांनी आली. त्यांना खरी नावं आहेत, पण ती फक्त लसींच्या कार्डावर लागतात.

ताई कृत्रिम दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे येतात आणि त्यांवरून ती एकेक दात घडवते, घासते, रंग जुळवते. तिची लांबवत नेलेली रजा आता संपत आली होती. मालकांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, की एक तारखेच्या सोमवारी ती आली तर आनंदच आहे, नाहीतर तिच्या जागी घेतलेल्या मुलीला ते कायम करतील. भाऊजींची नोकरी परगावी, महिन्यातून दोनदा घरी येणारे. म्हणजे मुलांपाशी दिवसभर राहणार ते एकटे ताईचे सासरे. घरात सगळेच त्यांना आजोबा म्हणतात. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे.

"खाली बसायचं काम माझं," ते म्हणायचे, "उठवायचं काम देवाचं."

म्हणून सगळं एका गोष्टीवर येऊन अडलं होतं. दुपारी एक ते अडीच दोघं एकत्र झोपली पाहिजेत. तेवढा दीड तास आजोबांची पाठ जमिनीला लागली तर बाकीचा दिवस ते ओढून नेतील. नाही झोपली तर ताईची नोकरी गेली. माझी शेवटची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. "तू विज्ञानवाली ना, मग बसव यांचं वेळापत्रक," असं म्हणून ताईने मला बोलावून घेतलं.

सतरा दिवस आम्ही त्या दीड तासाच्या मागे होतो. साडेबाराला दोघांना एकदम जेवण. मऊ भात, गाजर, अर्धं अर्धं केळं. एकला आतल्या खोलीचे पडदे ओढायचे. ताई मध्ये, एका बाजूला भुंगा, दुसऱ्या बाजूला गोगलगाय. दहा मिनिटांत भुंगा चाळा करता करताच बंद पडायचा, खेळण्यातली चावी संपावी तसा. गोगलगाय मात्र डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहायची. मग उठून बसायची. मग आईला ओलांडून जाऊन भावाचा कान ओढायची. तो किंचाळत उठायचा, ती दचकून रडायची, आणि अडीचपर्यंत ताई दोघांना दोन मांड्यांवर घेऊन डुलत बसायची.

एका दुपारी मी दार किलकिलं करून पाहिलं तर ताई डोळे मिटून उशीला थोपटत होती. "गाई गाई, झालं, झालं," असं पुटपुटत. गोगलगाय कधीच खाली उतरली होती आणि आईच्या पायाशी बसून हा सगळा प्रकार शांतपणे बघत होती. मी सांगितलं नाही. उशी निदान रडत तरी नव्हती.

मी सगळ्या वेळा टिपत होते. भुंग्याला झोप लागायची एक पाच ते एक वीसच्या दरम्यान. गोगलगाईला एक पस्तीस ते दोन दहाच्या. सतरा दिवसांत एकदाही दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत. त्या दोन वेळांमधलं अंतर ही मला आमची चूक वाटत होती. ते रोज पाच पाच मिनिटांनी कमी करत आणायचं, एवढंच मी बघत होते.

शेवटचा आठवडा तालमीचा ठरला. ताई अकरा ते चार प्रयोगशाळेत जाणार, नवं यंत्र शिकायला. आणि मलाही घराबाहेर काढण्यात आलं.

"तू घरात असलीस तर तालीम कसली?" आजोबा म्हणाले. "मास्तरीणबाई, तुम्ही वाचनालयात बसा. पेपर आम्हाला सोडवू द्या."

सोमवारी संध्याकाळी तक्त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: दोघं, एक ते अडीच. मंगळवारी: दोघं, एक ते अडीच. बुधवारी ताईने चपलाही न काढता तक्ता वाचला, आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"झोपतात गं," ती म्हणाली. "त्यांच्याकडे झोपतात. मीच मेली करंटी." पण तिचा चेहरा किती तरी दिवसांनी सैल झाला होता. त्या संध्याकाळी तिने कामावर घालायचे दोन कुडते कपाटातून काढून इस्त्री केले.

मला मात्र ते आकडे टोचत राहिले. कॉलेजात लंबकाच्या प्रयोगात काही जण मापं न घेता उत्तरावरून आकडे उलटे काढून लिहायचे. आमचे सर वही उघडल्या उघडल्या ओळखायचे. खरी मापं थोडी वेडीवाकडी असतात, ते म्हणायचे, सरळ रांगेत उभी राहतात ती शिकवलेली. तीन दिवस, दोन मुलं, आणि प्रत्येक वेळी बरोबर एक आणि बरोबर अडीच? एका मिनिटाचाही फरक नाही?

मनात नको ते येऊ लागलं. आजोबांनाच डुलकी लागत असेल का? मुलं एकटीच फिरत असतील, गॅसपाशी, गच्चीच्या दाराशी? हे ताईला सांगितलं तर ती सोमवारी जाणार नाही. नाही सांगितलं आणि काही झालं तर?

गुरुवारी मी सव्वा वाजता वाचनालयातून उठले. जिना चढले, चपला बाहेरच काढल्या आणि लॅचला किल्ली हळूच फिरवली.

आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. गादीवर भुंगा, एकटा, हातपाय चारी दिशांना टाकून गाढ झोपलेला. स्वयंपाकघरात फरशीवर आजोबा भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते आणि त्यांच्या पोटऱ्यांच्या मध्ये गोगलगाय. समोर घरातले सगळे डबे आणि सगळी झाकणं. ती एक झाकण उचलायची, बराच वेळ विचार करायची, एका डब्यावर ठेवून बघायची. नाही बसलं तर आजोबांकडे द्यायची.

"नाही ना बसत? जाऊ दे. दुसरं बघ. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे," ते हलक्या आवाजात तिला सांगत होते. मग मी दिसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"तपासनीस आल्या," ते कुजबुजले. "विनातिकीट सापडलो."

मी त्यांच्या शेजारी बसले. "आजोबा, तक्त्यावर तर दोघं…"

"तक्त्यावर गाडी वेळेवरच सुटते. एकतीस वर्षं बस डेपोत नियंत्रक होतो मी. वरच्या साहेबांना जे वाचायचं असतं ते कागदावर, आणि गाड्या जशा सुटतात तशा फलाटावर." त्यांनी गोगलगाईने दिलेलं झाकण बाजूला ठेवलं. "एका मार्गाच्या दोन गाड्या एका मिनिटाला सोडायच्या नसतात, बाई. पुढची भरभरून जाते, मागची रिकामी धावते आणि पुढच्या थांब्यावर दोन्ही एकमेकींना चिकटून उभ्या. मध्ये अंतर ठेवायचं असतं. तुझे सतरा दिवसांचे आकडे मी वाचले की. ही पोरं आपण होऊन चाळीस मिनिटांचं अंतर ठेवत होती. तुम्ही दोघी बहिणी ते मोडत बसलात."

तो तक्ता मीच रोज लिहीत होते.

"आणि दोघं एकदम झोपली की एकदमच उठतात. दोन रडणारी, आणि उचलणारा मी एक. मी एका वेळी एकच उचलू शकतो. मग एकाला खाली रडत ठेवायचं. कोणाला ठेवू? ते मला जमत नाही."

"मग ताईला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, 'मग तुम्ही कधी पडणार?' आणि सोमवारी गेली नसती."

पावणेदोनच्या सुमाराला गोगलगाईच्या हातातलं झाकण गळून पडलं. त्यांनी तिला एका हाताने खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हाताने ओट्याची कड पकडली आणि उठायला लागले. अर्ध्यावर थांबले. मी हात पुढे केला तर मानेनेच नको म्हणाले. तिला गादीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात न ठेवतात तोच भुंगा डोळे चोळत उठला.

"ही डेपोत, हा रस्त्यावर," ते म्हणाले, आणि त्याला घेऊन बाहेर आले. मी मनातल्या मनात हिशेब केला. सोमवारपासून सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा. मध्ये मोकळी जागा: शून्य.

संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. आजोबा तिथेच खुर्चीत होते. भुंगा त्यांच्या चष्म्याची पेटी उघड-बंद करत होता.

ताई म्हणाली, "सतरा दिवस मी त्या अंधारात पडून होते. पाठीची कमान झाली. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"आठव्या दिवशी कळलं," आजोबा म्हणाले.

"मग बोलायचं नाही?"

"तू विचारलंस कुठे? तुम्ही दोघी फ्रिजला तक्ता लावून परीक्षा घेत होतात."

ताई हसली, पण ते हसणं अर्ध्यातच संपलं. "मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुमच्याकडे झोपतात, माझ्याकडे नाहीत. तीन दिवस तेच घेऊन मी दात घासत होते तिथे. एक दाढ वाकडी गेली."

आजोबांनी मान खाली घातली. "ते माझ्या लक्षात नाही आलं, पोरी."

"आणि तुम्ही पडणार कधी?"

"बघ," आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले. "म्हटलं होतं ना?"

"आजोबा, टाळू नका. साडेदहा तास. उद्या तुम्ही पडलात म्हणजे?"

"डेपोत गाड्यांना विश्रांती असायची. नियंत्रकाला खुर्ची असायची, बस झालं."

"इथे खुर्चीसुद्धा नाही," ताई म्हणाली. "तुम्ही फरशीवर बसता."

भुंग्याने पेटी मिटली, उघडली. ताई उठली, फ्रिजपाशी गेली आणि दोऱ्याची पेन्सिल घेऊन माझ्या तक्त्यावर, पट्टी न लावता, तिसरा रकाना आखला. वर लिहिलं: आजोबा.

"सोमवारी मी जाते," ती म्हणाली. "एक आठवडा. पण यात तुम्ही कधी आडवे झालात ते लिहायचं. आणि खरं. त्यांचंही खरं, तुमचंही. रकाना रिकामाच राहिला तर पुढच्या सोमवारी मी मालकांना 'येत नाही' म्हणून सांगते. खोटं लिहिलंत तर हिला कळतं, आता माहीत आहे तुम्हाला."

"विनातिकीट एकदाच सापडलो, तर लगेच पाळत?" आजोबा म्हणाले, पण पेन्सिल त्यांनी हातात घेऊन तिचं टोक पाहिलं.

रविवारी मी माझ्या घरी परतले. ताई रोज संध्याकाळी तक्त्याचा फोटो पाठवायची. सोमवारी तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं होतं: नाही. मंगळवारी: नाही. बुधवारी: नाही, आणि खाली बारीक अक्षरात, 'दुपारी दोघं रडली, एकाला खाली ठेवावं लागलं.' त्या रात्री फोनवर ताईचा आवाज जड होता. कुडते घडी करून ठेवू का, असं तीच म्हणाली.

गुरुवारी फोटो आला आणि पाठोपाठ फोन.

"तू बघितलंस?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "सात मिनिटं लिहिलीत त्यांनी. खरी आहेत का गं? की मला बरं वाटावं म्हणून?"

मी फोटो मोठा केला. भुंगा: बारा छप्पन्न ते एक त्रेपन्न. गोगलगाय: एक सेहेचाळीस ते तीन चार. आणि तिसऱ्या रकान्यात, थोडं तिरकं: एक सेहेचाळीस ते एक त्रेपन्न, आडवा.

तिन्ही रकाने मी एकमेकांशी ताडून पाहिले. दोनदा. जी वेळ आम्ही सतरा दिवस शोधत होतो, दोघं एकत्र झोपलेली, ती होती सात मिनिटांची.

"खरी आहेत," मी म्हणाले.

पलीकडून ताईचा मोठा श्वास ऐकू आला. मग भुंग्याचं रडणं, आणि आजोबांचा आवाज, "हो हो, आलो, एका वेळी एकच."

"उद्याच्या डब्याची तयारी करायची आहे, आणि सोमवारसाठी कुडते इस्त्री करायचे आहेत," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.