नकाशातला पांढरा भाग

पोस्टरं आखून देणं हे तिचं काम, आणि पोस्टरवरची गर्दी तिला जेवताना दाताखाली खडा यावा तशी खुपायची. संशोधक मंडळी आपला अख्खा प्रबंध एका कागदावर कोंबायला तिच्याकडे यायची आणि ही कात्री परजूनच बसलेली असायची. "तीन पावलांवरून कळलं नाही, तर ते पोस्टर नव्हे, वॉलपेपर," असं ती ठणकावून सांगे. भलेभले प्राध्यापक मुकाट्याने आपले परिच्छेद उडवू देत.

पाण्यातल्या शिशाचं पोस्टर तर तिचं तिलाच फार आवडलं होतं. शहराचा नकाशा, नळाच्या पाण्यात शिसं जास्त तिथे गडद लाल, कमी तिथे फिकट गुलाबी. आकड्यांचं जंजाळ नाही, काही नाही. दवाखान्यांतून ते लागलं तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रविवारी धाकट्या भावाच्या बायकोचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता आणि बोलायला कोणीतरी हवंच असायचं.

"ताई, तुमचं पोस्टर तपासणीच्या खोलीबाहेरच लावलंय! मी सगळ्यांना सांगते, आमच्या ताईंनी केलंय म्हणून. आणि बरं का, नकाशात आमचा भाग अगदी पांढराशुभ्र आहे. मग आम्ही नळाचा तो फिल्टर काढूनच टाकला. सारखा गळायचा मेला. महिना झाला, थेट नळाचंच पितेय."

"छान," ती हसत म्हणाली आणि हसता हसताच थांबली. पांढरा? तिची सगळ्यात खालची पायरी फिकट गुलाबी होती. पांढऱ्याला तिने हातच लावला नव्हता.

"तुला परत करते फोन," म्हणून तिने काटछाटीआधीची जुनी फाइल उघडली. रंगांचे अर्थ सांगणाऱ्या चौकटीत तळाशी एक बारीक ओळ होती: पांढरा म्हणजे नमुने घेतलेले नाहीत. त्या ओळीमुळे चौकट खालच्या लोगोला खेटत होती. म्हणून तिनेच ती उडवली होती. संशोधकाने पोस्टर पाहून मान डोलावली, कारण पांढऱ्याचा अर्थ त्याला पाठच होता. ओळ गेलेली त्याला दिसलीच नाही.

तिने संशोधकाला फोन लावला.

"तिकडे आम्ही गेलोच नाही अजून," तो म्हणाला. "पाइप जुने आहेत तिथले. पुढच्या टप्प्यात घेणार होतो. का हो?"

तिने लगेच भावाला फोन करून सांगितलं. तो उलट वैतागला. "ताई, आता या दिवसांत तिला कशाला घाबरवतेस? छापलेलं आहे ना सगळं? आणि तूच छापलंयस."

"मीच छापलंय रे, म्हणून तर सांगतेय. एक घोटही पिऊ देऊ नकोस तिला."

तिने स्वतः जाऊन त्यांच्या नळाचं पाणी बाटलीत भरलं आणि प्रयोगशाळेत दिलं. मग दवाखाने पालथे घालून पोस्टरं उतरवली. एका ठिकाणी बाकावरच्या बाई हळहळल्या, "राहू द्या की हो, किती सोपं होतं समजायला." तिने पोस्टर गुंडाळून काखेत मारलं. रात्री डोळा लागेना. कमीच निघेल, निघायलाच हवं, असं ती मनाशी घोकत राहिली.

अहवालाचा आकडा आला. नुसत्या आकड्यावरून तिचा विश्वास बसेना. तिने तो नकाशात भरला. संगणकाने क्षणात रंग चढवला: सगळ्यात गडद.

अहवाल डॉक्टरांना दाखवून दोघं परतली, तेव्हा ती भावाच्या घरी पोचली. भाऊ खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. भावजय पोटावर हात ठेवून समोर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अजूनही विश्वासच होता, आणि त्याचीच हिला भीती वाटली.

"ताई," ती म्हणाली, "डॉक्टर काय काय बोलले, मला काही कळलं नाही. तुम्ही सांगा. महिनाभर प्यायलं तर बाळाला काय होतं? तुम्हाला तर सगळं सोपं करून सांगता येतं."