डावी बाजू

बॉक्सिंगच्या लढतीआधी हातांना बँडेज बांधताना समोरच्या गोटातलं एक माणूस उभं राहून बघतं, हा रिवाजच आहे. आत काही दडवू नये, बोटांच्या गाठींवर टेपचे जादा थर चढवू नयेत, म्हणून. सगळं ठीक वाटलं की त्या माणसानं मनगटावरच्या टेपवर सही करायची, मग हातमोजे. कागावाच्या गोटातून हे काम नेहमी त्याचे सासरे, जिमचे मालक म्हातारे हमासाकी करत. त्या संध्याकाळी मात्र त्यांची मुलगी चिगुसा उठली.

"बाबा, तुम्ही बसा. मी जाते."

"जाशील, पण तोंड बंद ठेवशील का?"

"बघायलाच तर जातेय."

सहा वर्षं ती हेच तर करत होती. सहा वर्षांपूर्वी ओसाकातल्या याच सभागृहात तिचा धाकटा भाऊ शोगो एक गुडघा टेकून बसला होता, पंच आकडे मोजायला बोट वर करत होते, आणि प्रतिस्पर्धी दोमोतोनं वरून ठोसा हाणला. पंचांनी दोमोतोचे गुण कापले. शोगो हसत हसत चालत खोलीत आला आणि तिथे कोसळला. मेंदूत रक्त साकळलं होतं. तो वाचला, पण लढण्याचा परवाना कायमचा गेला, आणि उजवा हात थरथरायचा तो अजून थरथरतो.

लढतीत असं होतं, हे जिममध्ये वाढलेल्या चिगुसाला कुणी सांगायला नको होतं. पण असं झालं की मारणारा मिठाईचा डबा घेऊन इस्पितळात येतो, मान खाली घालून उभा राहतो, शिव्या खातो आणि जातो. वाईटातला वाईट बॉक्सरही एवढं करतो. चिगुसा एकोणीस दिवस लिफ्टसमोरच्या बाकावर बसून होती. दार उघडलं की मान वर करायची. दोमोतो आला नाही.

कागावा तेव्हा मासळी बाजारात बर्फ फोडायचा आणि संध्याकाळी शोगोबरोबर सराव करायचा. चिगुसानं त्याच्याशी लग्न केलं आणि त्याला घडवायला घेतलं. त्याचा भात ती घास मोजून वाढायची. वजन उतरवायच्या दिवसांत तो रात्री उठून नळापाशी जाऊ नये म्हणून दाराशी अंथरूण घालून झोपायची, बाळंतपणाच्या नवव्या महिन्यातसुद्धा. चार वर्षांनी तो जपानचा विजेता झाला. पट्टा त्यानं तीनदा राखला. त्याच्या संयमाचं वर्तमानपत्रांत कौतुक आलं. संयम चिगुसाचा होता. परदेशात लढायचं बोलावणं आलं तेव्हा तीच म्हणाली होती, "यंदा नको. दोमोतो वर चढतोय. त्याला इथवर येऊ दे."

आणि तो आला होता. टेबलावर हात पसरून बसला होता. त्याचा म्हातारा प्रशिक्षक ओनिशी बँडेज गुंडाळत होता.

"आज बाईमाणूस पाठवलं का हमासाकींनी?" ओनिशी म्हणाला. "बसा की. चहा?"

"उभी आहे तीच बरी. गाठीवर तिसरा थर गेलाय. सोडा."

"अहो, दोनच आहेत."

"तीन आहेत."

ओनिशीनं पुटपुटत कात्री घेतली. मोजले तर तीनच निघाले. "घरी नवऱ्याला कसं जगू देता हो तुम्ही?" असं म्हणत त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोमोतोचा घाम वाळत होता, अंग थंड पडत होतं. चिगुसाला बरं वाटलं. एवढंच करायचं ती ठरवून आली होती.

मग ओनिशीनं पाण्याची बाटली दोमोतोच्या डाव्या हाताशी धरली. दोमोतोनं आधी मान पूर्ण वळवली, मगच बाटली घेतली. दुसऱ्यांदाही तसंच. घरात दोन वर्षांचं मूल असलं की बाईची नजर अशा गोष्टींवर अडतेच. तिच्या लेकाचे डोळे डॉक्टरांनी असेच तपासले होते. कानामागून हळूहळू खेळणं पुढे आणायचं आणि मूल कधी बघतं ते पाहायचं.

सहीसाठी पेन काढून ती दोमोतोच्या डाव्या बाजूला गेली. पेन त्याच्या कानापाशी धरलं, सावकाश पुढे आणलं. कानशील. भुवईचं टोक. पापणी. दोमोतो समोरच्या भिंतीकडे शांतपणे बघत होता.

ओनिशीचे हात थांबले. त्यानं पेन पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "ही शेवटची लढत आहे त्याची. मुलगी झालीय नुकतीच. यानंतर मीच थांबवणार आहे त्याला."

डॉक्टर दोन दारं पलीकडे बसले होते. तिनं जाऊन सांगितलं असतं, तर लढत तिथेच रद्द झाली असती आणि दोमोतो कपडे घालून आपल्या पायांनी मुलीकडे गेला असता.

"मी काही पाहिलं नाही," चिगुसा म्हणाली आणि टेपवर सही केली. कागावा नाही लिहिलं. हमासाकी लिहिलं.

दोमोतोनं मनगट डोळ्यांसमोर धरून वाचलं. "तुम्ही शोगोच्या..."

"बहीण."

"कसा आहे तो?"

"चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. हातमोजे चढवा आता, उशीर होतोय."

पहिल्या फेरीनंतर कागावा कोपऱ्यात बसला, तेव्हा तिनं त्याच्या मानेवर बर्फ धरला. "उजवा हात बाहेरून फिरव. प्रत्येक वेळी. त्याची डावी बाजू रिकामी आहे."

"कशावरून?"

"मी पाहून आलेय."

तो मान डोलावून उठला. तिच्या शब्दावर तो सहा वर्षं जेवत आणि उपाशी राहत आला होता. दुसऱ्या फेरीत दोमोतोला चार ठोसे बसले आणि चारही वेळा त्याचा हात वर गेला तो ठोसा बसल्यावर. तिसऱ्या फेरीत पाचवा बसला. तो उताणा पडला आणि एक पाय हलत राहिला. मग स्ट्रेचर आलं. चिगुसानं डोळे मिटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी शोगो मिठाईचा डबा घेऊन दारात उभा होता. गाठ त्यानं स्वतः बांधली होती, वेडीवाकडी.

"भावजींना पत्रकारांनी घेरलंय, म्हणून इस्पितळात तू जा, ताई. दोमोतो अजून शुद्धीवर नाही म्हणे."

"तू सांगतोयस? तुझ्यासाठी कोण आलं होतं?"

"म्हणूनच सांगतोय. बँडेज बघायला तू गेली होतीस ना? डावीकडचा एकही ठोसा त्याला दिसला नाही. लांबून मला कळलं. तुला जवळून कळलं नसेल?"

"डबा आण इकडे," चिगुसा म्हणाली.

इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. समोरच्या बाकावर एक पोरगेलीशी बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली आणि डब्याकडे पाहिलं. उठण्यासाठी ती बाळाला सावरू लागली.

चिगुसानं खाली जायचं बटण दाबलं. दार मिटेपर्यंत ती त्या बाईकडे बघत राहिली.

घरी शोगो लेकाला भरवत होता. चमचा थरथरत होता, पोर हसत होतं.

"दिलास?"

"दिला."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार?" तिनं डबा पिशवीसकट फडताळात वरच्या खणात सारला. मग लेकासमोर बसली, चमचा हातात घेतला आणि त्याच्या डाव्या बाजूनं हळूच पुढे आणला.

त्यानं लगेच वळून पाहिलं. तिनं पुन्हा आणला. मग पुन्हा.