इस्त्री केलेले आभार

मुलाखतीहून परतली तेव्हा टाचणीचं तोंड एवढंसं झालं होतं. टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून घरात ते पडलं आणि चिकटलं. ज्या दुकानात ती कपडे बेतायला शिकली ते बंद पडलं होतं, आणि वर्षभर शेजारणींचे पडदे दुमडून ती अगदी विटली होती. अशात एका नाटक कंपनीच्या कपडेपटात बेतणारी हवी असल्याचं कळलं. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. आणि तिथेच तिने माती खाल्ली होती.

"कपडेपटाच्या बाईंनी विचारलं, चामड्याचं काम येतं का?" ती नणंदेला म्हणाली. "मी हो म्हणाले."

"मग बरंच झालं की."

"ताई, मला चपलेचा अंगठासुद्धा शिवता येत नाही!"

नणंद एका मोठ्या ऑफिसात माणसं निवडायच्या खात्यात होती, त्यामुळे तिच्यापाशी प्रत्येक दुखण्यावर औषध असे. "ते राहू दे. आधी आभाराची कार्डं पाठव. बाईंना एक, मॅनेजरना एक. आणि हाताने लिही. हल्ली कोण लिहितं? माणूस लक्षात राहतो."

टाचणी शिलाई मशीनपाशीच बसली आणि हाताला लागलं ते पेन उचललं. मॅनेजरचं कार्ड दोन ओळींत आटोपलं. कपडेपटाच्या बाईंना लिहिताना मात्र हात थांबेना. 'आपण वेळ दिलात, आभारी आहे. एक खरं सांगायचं राहिलं. चामड्याचं काम मला येत नाही. घाबरून हो म्हणाले. शिकवलंत तर शिकेन.' लिहून झालं तशी तिने दोन्ही कार्डं पाकिटांत घालून डिंकाने चिकटवून टाकली.

पाकिटांवरचे पत्ते आणि पाठवणारीचं नाव नणंदेने आपल्या पेनाने, वळणदार अक्षरात घातलं. पण डिंकाने पाकिटं वेडीवाकडी झाली. सुरकुतलेली वस्तू घराबाहेर जाऊ द्यायची म्हणजे टाचणीच्या जिवावर येई. तिने दोन्ही पाकिटांवर झकास इस्त्री फिरवली, आणि नणंदेने जाता जाता ती टपालात टाकली.

संध्याकाळी नणंदेने सहज विचारलं, काय लिहिलंस म्हणून. ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अगं वहिनी! आभार मान म्हटलं होतं, कबुलीजबाब दे नव्हे. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास."

त्यानंतर टाचणीला अन्न गोड लागेना. टपालाचा डबा फोडता आला असता तर तिने तोही फोडला असता.

दोन-तीन दिवसांनी ती शेजारणीच्या मुलीचा फ्रॉक बेतत होती. पेनाने खुणा केल्या, शिवण घातली, इस्त्री फिरवली, आणि खुणा नेहमीसारख्या उडून गेल्या. टाचणी इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली. कपड्यावर खुणा करायचं पेन ते; ऊब लागली की त्याची शाई दिसेनाशी होते. आणि मशीनपाशी दुसरं पेन नव्हतंच कधी.

म्हणजे कार्डं कोरी गेली होती!

ती मटकन बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सुंठीवाचून खोकला गेला होता. मग हळूहळू हसू ओसरलं. कबुली पुसली गेली, म्हणजे खोटं पुन्हा जागच्या जागी उभं होतं. तेवढ्यात फोन वाजला. उद्या येऊन भेटा, बाईंनी बोलावलंय.

दुसऱ्या दिवशी जिन्यातच मॅनेजर भेटले. "तुमचं कार्ड मिळालं हो. काय जाड कागद! मी त्यावर पडदेवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय."

बाई कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये उभ्या होत्या. टाचणीने नमस्कारसुद्धा केला नाही. एका दमात म्हणाली, "बाई, मला चामड्याचं काम येत नाही. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यातल्या फ्रिजपाशी गेल्या, वरचा बर्फाचा कप्पा उघडला आणि आतून एक कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं. कार्ड गार पडलं होतं. त्यावर फिकट पण स्पष्ट, तिचंच अक्षर होतं.

"ही शाई गारठ्यात परत येते. एकदा बर्फाळ मुलखात ऐन थंडीत मोकळ्या मैदानावर प्रयोग होता. आमच्या राजाच्या पांढऱ्या झग्यावर माझ्या सगळ्या खुणा उमटल्या, बगलेच्या मापासकट! कोरं कार्ड आलं तेव्हाच म्हटलं, ही बाई आपल्यातली दिसते."

"पण चामड्याचं...?"

"ते चामडेवाले काका बघतात. मला सुईसुद्धा लावू देत नाहीत. प्रश्नांच्या यादीत होतं म्हणून विचारलं."

टाचणीने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे बेतायचे कागदी नमुने उडाले. केवढ्याशा गोष्टीसाठी जीव टांगणीला लावला होता! तिला रडायला येत होतं आणि भूकही लागली होती, कितीतरी दिवसांनी.

बाईंनी नेमणुकीचा कागद पुढे सरकवला. टाचणीने घाईघाईने पिशवीतून पेन काढलं. बाईंनी ते अलगद तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःचं दिलं.

"सही याने करा," त्या म्हणाल्या. "मला तुम्ही उन्हाळ्यातही हव्या आहात."