गुलाबाच्या काडीतला पहारेकरी

मी बोलतोय, खिडकीतल्या कुंडीत खोचलेल्या गुलाबाच्या काडीमधून. मी एक प्रथिन आहे. नाव सांगून तुमच्या डोक्याला ताप देत नाही, काम सांगतो. पेशीत वाढीचे हुकूम सोडणारा एक कारभारी असतो. त्याचं तोंड दाबून बसायचं, एवढीच माझी नोकरी. मी बसलोय तोवर नवं मूळ फुटत नाही.

लगेच मला दुष्ट ठरवू नका. सगळीकडे एकदम वाढ सुरू झाली, तर झाडाचा नुसता गोंधळ होईल. ऑक्सिन नावाचं संप्रेरक शेंड्याकडून खाली उतरतं. ते पुरेसं साठलं की माझी वेळ भरते. मला मोडणाऱ्या यंत्रणेला ते मला असं चिकटवतं, की सुटका नाही. माझे तुकडे होतात, कारभाऱ्याचं तोंड मोकळं होतं आणि मुळाचं काम सुरू होतं. गंमत म्हणजे, त्याच्या पहिल्या हुकमांत नवे पहारेकरी घडवायचा हुकूमही असतो. म्हणून आमचं घराणं बुडत नाही, आणि आधीच्यांच्या गोष्टी मला ठाऊक असतात.

ही काडी या घरातल्या दोघी बहिणींच्या आईच्या गुलाबाची. आई गेली, घर बदललं, त्या धावपळीत झुडूप वाळलं. धाकटीनं कशाबशा तीन काड्या वाचवल्या. रोपवाटिकेतल्या काकांनी ऑक्सिनची पावडर दिली, ती टोकांना लावून तिनं काड्या मातीत खोचल्या. इथवर सगळं उत्तम.

पण तिला दम निघेना. रोज सकाळी चहाच्या आधी काडी उपटायची, टोक निरखायचं, पुन्हा खोचायची. फुटू लागलेली नाजूक मुळं मातीतच तुटून राहायची. दोन काड्या अशाच गेल्या. माणसांना जीव लावता येतो, हात आवरता येत नाही.

काल तिनं या शेवटच्या काडीला हात घातला, तेव्हा थोरली मागे उभी होती.

"राहू दे गं," ती म्हणाली. "आईलाही आपण सारखं उठवून विचारत होतो, बरं वाटतंय का म्हणून. धड झोपू दिलं नाही तिला."

धाकटीनं हात मागे घेतला. बराच वेळ रडली. मग विचारलं, "आता काय करू मी?"

"थोडं पाणी घाल. आणि चहा घे."

आज ऑक्सिन पुरेसं साठलंय. माझी वेळ भरली. वाईट वाटतं का? वाटतं थोडं. ते मूळ मलाही बघायचं होतं. पण मी असेपर्यंत ते येणार नाही, आणि तू बघायला आलीस तर ते टिकणार नाही. तेव्हा पोरी, आपण दोघांनीही ते न बघितलेलंच बरं.