डिकीतलं पाणी

"लाव आता झाकण," हे डिकीतून म्हणाले. गुडघे छातीशी घेऊन, एका हातात विजेरी धरून मुटकुळं करून पडले होते. साठीला टेकलेला माणूस.

"अहो, पण कमरेचं काय?"

"कमरेचं उद्या बघू. डॉक्टरबाई उद्या सकाळी नऊला येणार. तू पाणी सोड. आधी मागून, मग डावीकडून, मग उजवीकडून. कुठून शिरतंय ते मी आतून बघतो. टकटक केली की उघड."

मी झाकण लावलं. संसारात पुष्कळ गोष्टींवर झाकण घातलं होतं, पण नवऱ्यावर घालायची ती पहिलीच वेळ.

सुट्टीचा दिवस होता. एवढ्या मोठ्या गॅरेजात आम्ही दोघंच. मी नळी घेतली आणि त्या निळ्या गाडीवर पाणी सोडलं.

त्या गॅरेजात हे एकतीस वर्षं गाड्यांच्या गाद्या आणि कापडी छतं शिवत होते. सगळे त्यांना छतमास्तर म्हणत. आमच्या घरात एक खुर्ची कधी फाटकी राहिली नाही, फक्त यांच्या कोटाचं अस्तर कायम लोंबायचं. थोरले मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "मास्तरांच्या छताखाली भिजलात, तर माझा कान धरा." थोरले मालक गेले आणि धाकट्यांनी तयार कव्हरं मागवायला सुरुवात केली. यांचं शिलाईमशीन आधी खिडकीजवळ होतं, ते भिंतीकडे गेलं, मग जिन्याखाली. जिन्याखाली उजेड कमी म्हणून घरून एक दिवा घेऊन गेले, एवढंच.

आणि मग दातांच्या डॉक्टरबाई आल्या. गाडी त्यांच्या वडिलांची, दुमडून मागे ठेवता येणाऱ्या छताची. बाई त्याच गाडीतून लांबलांबच्या शाळांत जाऊन मुलांचे दात तपासायच्या. हत्यारांची पेटी डिकीत. थंडी सुरू झाली तशी डिकीत ओल यायला लागली आणि हत्यारांना गंज धरायला लागला. मुलांच्या तोंडात घालायची हत्यारं ती.

यांनी नवं छत शिवलं. डिकीच्या कडेची रबरी पट्टी बदलली. तळाच्या दोन कोपऱ्यांत बोटभर दोन भोकं दिसली, ती रबराची दोन बुचं कापून, रबर चिकटवायचं सोल्यूशन लावून बंद केली. घरी येऊन मला म्हणाले, "रस्त्यावरचं पाणी तिथूनच उडत असणार. आता मुंगी शिरायची नाही."

पंधरा दिवसांनी गाडी परत आली. पाणी आधीपेक्षा जास्त होतं. यांनी पट्टीवर पट्टी चढवली, प्रत्येक सांध्यात सोल्यूशन भरलं. गाडी पुन्हा परत आली. या वेळी हत्यारांच्या पेटीवर पांढरी बुरशी होती.

त्या संध्याकाळी धाकट्या मालकांनी काय सांगितलं, ते यांनी मला ताटावर बसून शब्दाला शब्द ऐकवलं. "काका, सोमवारी मला डिकी कोरडी दिसली पाहिजे. नाहीतर छतांचं काम आपण बंद करून टाकू. तुम्ही तरी आता किती दिवस करणार?" एवढं सांगितलं आणि हे ताटावरून उठले.

मग चार दिवस घरात नुसतं पाणी चाललं होतं. जेवताना, आंघोळीला जाताना, एकच विषय. अधूनमधून स्वतःचे हात नाकाशी न्यायचे आणि मला विचारायचे, "कुबट वास येतोय का बघ गं." साबणाचा यायचा. मी सांगायची. यांना पटायचं नाही.

मी एकदा बोलले होते. यांचा डबा भरत होते तेव्हा. म्हटलं, "अहो, गरम जेवण भरून झाकण घट्ट लावलं की डब्याला आतून घाम येतो. तसं तर नसेल?"

"गाडी म्हणजे काय डबा आहे?" हे इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली. "पाणी बाहेरूनच येतं. जन्मभर तेच अडवत आलोय मी. तू मला शिकवू नकोस."

मी परत बोलले नाही. ते गप्प राहणं मला पुढे महागात पडलं.

तर त्या दिवशी मी मागून पाणी सोडलं, डावीकडून सोडलं, उजवीकडून सोडलं. आतून काही नाही. वीस मिनिटं गेली असतील. मग टकटक आली, आणि लगेच दुसरी, जोरात.

मी किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, झाकण उघडेना. आदल्या दिवशी लावलेली पट्टी पुरती वाळली नव्हती. सोल्यूशननं झाकण धरून ठेवलं होतं.

"अहो, ढकला!"

आतून गुडघ्यांचे धक्के ऐकू यायला लागले. झाकण हलेना. मी दोन्ही हातांनी ओढलं, नखं मोडली. हाका मारल्या, पण सुट्टीच्या दिवशी कोण असणार तिथे? आतले धक्के हळूहळू मंद झाले. तेवढ्यात यांच्या मशीनजवळची, गादीत कापूस ठासायची लाकडी पट्टी दिसली. ती फटीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. कापड फाटावं तसा आवाज झाला आणि झाकण वर गेलं.

हे तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. चेहरा चिंब.

"आलं नाही," कसेबसे म्हणाले. "एक थेंब आत आला नाही गं." आणि रडायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. थेंब आला असता तर वाट सापडली असती. वाट सापडली नाही, म्हणजे उद्या सगळं संपलं.

मी त्यांचा चेहरा पुसला. पुसला तोच वरून कपाळावर एक थेंब पडला.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. झाकणाच्या आतल्या पत्र्यावर थेंबांची दाटी झाली होती. यांनी बोट फिरवलं आणि ओलं बोट विजेरीसमोर धरलं.

"हा तर माझाच श्वास आहे," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू म्हणाली होतीस."

हे बाहेर आले आणि डिकीतला गालिचा उचलला. खालचा लोकरीचा जाड नमदा पिळला, तर त्यातून पाणी गळलं. दवानं ओलं झालेलं छत दुमडून मागे ठेवलं की त्यातली ओल डिकीत उतरायची, आणि यांनी इतकं घट्ट बंद केल्यावर तिला जायला वाट कुठे होती? मग यांनी बाकदार सुई घेतली आणि तळाची बुचं उपसली. गंजकं पाणी जमिनीवर वाहायला लागलं. हे तिथेच बसून बघत राहिले.

"गाडी बनवणाऱ्यानं ठेवली होती ही भोकं," म्हणाले. "मला वाटलं, त्याच्याकडून चूक राहिली."

सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. त्यांना एकट्याला सोडवेना. धाकट्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं, डिकीत हात फिरवला आणि हसले. "उघडलीत ना भोकं? मग झालं तर, काका. बाईंना सांगा, रबर खराब निघालं. विषय संपला."

विषय खरंच संपला असता. जिन्याखालचं मशीन जिन्याखाली राहिलं असतं.

डॉक्टरबाई नऊला आल्या. यांनी खिशातून दोन बुचं काढली आणि तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरली.

"रबर चांगलं होतं," हे म्हणाले. "चूक माझी. पाणी जायची वाट मीच बुजवली. तुमची हत्यारं माझ्यामुळे गंजली. आता भिजलेलं छत कधी दुमडू नका, आणि घरी गेलात की झाकण चार बोटं उघडं ठेवा."

बाईंनी एक बूच उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत यांच्या हातावर ठेवलं. "मास्तर, आमच्या हातूनही कधीकधी भलताच दात निघतो," त्या म्हणाल्या. "फरक एवढाच, की आम्ही सांगत नाही."

मला हसू आलं. धाकट्या मालकांना आलं नाही. महिनाअखेर मशीन विकलं गेलं. हे ती बाकदार सुई आणि कापूस ठासायची पट्टी घेऊन घरी आले.

त्यानंतर यांनी कुणाचंच काम घेतलं नाही. शेजारच्या वहिनी साधी उशी घेऊन आल्या तरी, "हात बसत नाही आता," म्हणायचे. दिवस दिवस खिडकीपाशी पलंगावर बसून असायचे. मी दुसऱ्यांदा बोलले असते तर? ते ओरडले असते, ओरडू दिलं असतं. हा विचार मी आजही करते.

पण दर वर्षी थंडी पडली की एका सकाळी ती निळी गाडी आमच्या दारासमोर थांबायची. थंडीत आमच्या खोलीची काच आतून ओली व्हायची, दोघांच्या श्वासानं. हे बाहीनं काच पुसायचे. बाई उतरायच्या, डिकी उघडून कोपऱ्यापर्यंत हात फिरवायच्या आणि तळहात खिडकीकडे करून दाखवायच्या. कोरडा. हे मान हलवायचे. बाई गाडीत बसून शाळेला जायच्या. अशी नऊ वर्षं गेली.

दहाव्या वर्षी थंडी पडायच्या आधीच हे गेले. बाईंना कळवायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गाडी थांबली तेव्हा मी पलंगाची चादर बदलत होते. बाईंनी डिकी उघडली, हात फिरवला, मग वर पाहिलं. खिडकीत मी एकटी. त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी तळहात वर केला.

मी काच पुसायला हात नेला. पुसायची गरज नव्हती. सगळं स्वच्छ दिसत होतं.