दिवा तर लागलाय

“दिवा तर लागलाय, माई.”

“मग त्या दिव्यावर रताळी भाजू का मी?” ओकबुन म्हातारी म्हणाली. “दिवा मलाही दिसतोय. डोळे गेलेत, पण एवढे नाही. जमिनीला हात लावून बघा, मिस्त्री.”

चांगगिल खाली बसला. जेचॉन शहरातल्या घराघरांतले, जमीन तापवणारे बॉयलर दुरुस्त करता करता त्याचं डोकं पिकलं होतं आणि गार पाण्यात हात घालून घालून बोटांची टोकं बधिर झाली होती. त्यामुळे जमीन तपासायची तर तो मनगट टेकवायचा. जमीन गारढोण होती. भिंतीवरचं गोल बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, त्याच्यावर लाल दिवा झगझगीत. म्हणजे खोलीनं ऊब मागितली होती, पण जमिनीखालच्या नळ्यांत गरम पाणी काही येत नव्हतं.

“कधीपासून असं?”

“आमचा म्हातारा गेल्यापासून, महिना झाला. त्याचं सगळं उरकलं, त्याच्या खोलीचं बटण बंद केलं, दार लावून घेतलं. तेव्हापासून ही खोली गार. म्हटलं, आपलीच हाडं निवली असतील. पण काल बोलताना तोंडातून वाफ निघाली, तेव्हा तुम्हाला फोन केला.”

तिनं अंगात दोन स्वेटर घातले होते आणि वरून पुरुषी कोट. चांगगिलनं ते पाहिलं आणि तो मीटर घेऊन स्वयंपाकघरात गेला. गिऱ्हाइकांच्या बोलण्यापेक्षा त्याला मीटरचा काटा बरा वाटे. त्याची बायको लेकीकडे बुसानला गेली ती तिकडचीच झाली, आणि जाताना भांडलीसुद्धा नाही. “तुम्ही मीटरचं ऐकता, माणसाचं नाही,” एवढंच म्हणाली. त्याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली त्याला फारसं काही वाटतच नसे. सकाळी गाडी काढायची, संध्याकाळी लावायची आणि मधे लोकांच्या जमिनी तापवायच्या.

ओट्याखालचं दार उघडून त्यानं विजेरी धरली. बॉयलरचं पाणी इथून दोन्ही खोल्यांना वाटलं जात होतं. प्रत्येक खोलीच्या नळीवर एकेक व्हॉल्व्ह, आणि तो उघडायला लहानशी मोटार. वायरींचे जोड काळ्या टेपनं इतके नीटस गुंडाळले होते की ते कुठल्या मिस्त्रीचं काम असणं शक्य नव्हतं.

“हे कुणी केलं?”

“दुसरं कोण करणार?” म्हातारी बुटक्या स्टुलावर टेकली. “मोटारी जुन्या झाल्या होत्या. म्हटलं, मिस्त्रीला बोलवा. तर म्हणतो कसा, ‘जन्मभर रेल्वेचे सिग्नल सांभाळले, मला दोन वायरी जोडता येत नाहीत होय?’ दिवसभर इथं आडवा पडून होता. त्याच हिवाळ्यात झटका आला आणि एक बाजू गेली. मग दवाखान्यातल्यासारखी खाट आणली, तिच्यावर दोन हिवाळे काढले.”

चांगगिलनं मोटारींपाशी मीटर लावला. म्हातारीच्या खोलीचं बटण चालू होतं, तेव्हा तिच्या मोटारीला वीज यायला हवी होती. काटा हलला तो शेजारच्या मोटारीवर. त्यानं पुन्हा लावून पाहिला. पुन्हा तेच.

त्याच्या ध्यानात आलं. हिचं बटण म्हाताऱ्याची खोली तापवत होतं आणि त्याचं बटण हिची. सिग्नलवाल्यानं चुकून वायरींची अदलाबदल करून ठेवली होती.

“ते होते तेव्हा तुमची खोली गरम असायची?”

“गरम? भट्टी! दक्षिणेकडची ना, दिवसभर ऊन येतं. मी माझं बटण बंदच ठेवायची. म्हटलं, तेवढाच गॅस वाचतोय. आणि म्हातारा पलीकडून ओरडायचा, पाय गार पडलेत, बटण वाढव. अजून कुठं वाढवू? शेवटपर्यंत फिरवलेलं! मी त्याला दाखवायची, ‘बघा, दिवा तर लागलाय. तुम्हीच सांगत आलात ना जन्मभर, की माणूस खोटं बोलेल, दिवा बोलणार नाही?’” ती हसली. “मग गप्प बसायचा. पण सोंग काही सोडलं नाही. गेला त्या दिवशीसुद्धा, पाय गार, पाय गार.”

चांगगिल ओट्याखाली डोकं घालून तसाच राहिला. वायरी बदलायच्या, “जोड सैल होता” म्हणायचं, पैसे घ्यायचे आणि निघायचं. म्हातारी सुखानं झोपेल. मेलेल्या माणसाला काय, सोंगाड्या म्हटलं काय नि खरा म्हटलं काय. पण तो माणूस दोन हिवाळे खरं सांगत होता आणि आता ते ठाऊक असलेला जगात एकटा चांगगिल होता. त्याला ते सोसवेना. फार दिवसांनी काहीतरी सोसवेनासं झालं होतं.

“माई,” तो बाहेर येत म्हणाला, “त्यांच्या खोलीचं दार उघडा जरा.”

“तिथं काय ठेवलंय? बंद आहे ती.”

“उघडा तर खरं.”

तिनं दार सरकवलं आणि आतून उकाड्याचा लोट अंगावर आला. महिनाभर ती रिकामी खोली तापत होती. म्हातारी उंबऱ्यातच थबकली. मग आत गेली. खाटेच्या पायांचे चार खड्डे जमिनीवर उमटले होते, त्यांच्या मधोमध ती बसली आणि दोन्ही तळवे टेकले.

“दाराशी हात लावून बघायची मी,” ती म्हणाली. “दाराशी गरम असायची जमीन.”

“तुमच्या खोलीच्या नळ्या या दाराखालून जातात, माई.”

“म्हणजे माझं बटण…”

“यांच्या खोलीचं होतं.”

“आणि मी ते बंद ठेवायची.”

चांगगिलनं मान हलवली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. तिचा चेहरा नुसता थांबल्यासारखा झाला होता, आणि तसा चेहरा त्याला रोज आरशात दिसे.

“वायरींची अदलाबदल केली की झालं,” तो म्हणाला. “लगेच करून देतो.”

“मग ही खोली कधी गार होईल?”

“सकाळपर्यंत. जमीन लवकर निवत नाही.”

“तर मग आज नका करू. उद्या या.”

“अहो, पण रात्री तुमची खोली गार राहील.”

“राहू दे,” ती म्हणाली. “दोन हिवाळे ह्यांची राहिली.”

तिनं एका पायातला मोजा काढला, मग दुसऱ्या. अनवाणी पावलं जमिनीवर सपाट टेकवून ती भिंतीकडे बघत बसली. चांगगिलनं हत्यारं गोळा केली आणि आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.